पायऱ्यांवरचं परीक्षण

डिसेंबर जवळ आला, की तिरुवनंतपुरमला चित्रपटांचे वेध लागतात. केरळचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९६ साली कोझिकोडला सुरू झाला आणि पुढे राजधानीत स्थिरावला.

खेळ सुटला, की कैरळी चित्रपटगृहाच्या पायऱ्या भरून जातात. विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार, निवृत्त मंडळी सारेच तिथे ठाण मांडतात. कुणाला शेवट पटलेला नसतो, कुणी त्याच शेवटावर खूश असतो. चहा निवतो, वाद मात्र निवत नाही.

ही सवय जुनी आहे. १९६५ साली अदूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी इथे ‘चित्रलेखा’ फिल्म सोसायटी स्थापन केली. पाठोपाठ राज्यात गावोगावी अशा सोसायट्या निघाल्या. चित्रपट पाहायचा आणि मग त्यावर बोलायचं, हा त्यांचा रिवाज. म्हणूनच कोरियाचे दिग्दर्शक किम की-डुक २०१३ साली इथे आले, तेव्हा एखाद्या लोकप्रिय नटासारखं त्यांचं स्वागत झालं.

महोत्सवातल्या सर्वोत्तम चित्रपटाला परीक्षक ‘सुवर्णचकोरम्’ देतात. पण एक पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो. दोन्ही कौल जुळतीलच असं नाही. त्यामुळे पायऱ्यांवरचं बोलणं वाऱ्यावर जात नाही. शेजाऱ्याला पटवता आलं, तर आवडत्या चित्रपटाच्या पारड्यात आणखी एक मत पडतं. आणि कधी कधी, शेजाऱ्याचं ऐकून आपलंच मत बदलतं!