मालवणच्या पुळणीवर धावण्याचे धडे

मालवणला जायचे ठरले की आपली यादी पाठ असते. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, सोलकढी, सुरमईचे तळलेले तुकडे आणि परतताना पिशवीत कोकम, काजू, मालवणी मसाला, खाजे. या यादीत आज एका वस्तूची भर घाला असे मी सांगणार आहे, आणि ती म्हणजे धावायचे बूट! हसू नका. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला धावायला शिकण्यासाठी या किनाऱ्याइतकी चांगली शाळा मी दुसरी पाहिली नाही.

मालवण माझे माहेर. गेल्या हिवाळ्यात सहा आठवडे तिथे राहायला मिळाले, तेव्हा मी आणि माझी वहिनी एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेकडे रोज सकाळी शिकायला जाऊ लागलो. शहरात अशा खास आपल्यासाठी नेमलेल्या शिक्षकाला ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात आणि महिन्याचे पैसेही तसेच घेतात. आमच्या बाई मात्र म्हणायच्या, “मी कसली ट्रेनर? मी पीटीची बाई!” त्यांनी शिकवले ते इथे देत आहे. मालवणला गेलात तर तिथे वापरा, नाही गेलात तर घराजवळच्या मैदानावर.

आधी पंचांग, मग बूट

बाईंचा पहिला धडा पायांचा नव्हता, समुद्राचा होता. धावायला चांगली ती ओहोटीने उघडी पडलेली, ओली आणि टणक वाळू. ती कधी मिळेल हे कोकणातल्या माणसाला घड्याळ न बघता कळते. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब दिवसालाही चालतो आणि रात्रीलाही.

म्हणजे पौर्णिमा-अमावास्येपासून पुढे तृतीया-चतुर्थीपर्यंत सकाळी साडेसहाला पुळण रुंद मिळते. अष्टमी ते एकादशीच्या सकाळी मात्र लाटा पार वरच्या मऊ वाळूपर्यंत आलेल्या असतात. ते दिवस रस्त्याचे, नाहीतर घरातल्या व्यायामाचे. रोज उठून एकच एक गोष्ट करायची नाही हे आम्हांला असे आपोआपच शिकता आले.

आता जागा सांगते. मालवण गावाला लागून चिवल्याची पुळण आहे. अर्धगोल, शांत आणि नवशिकीला पुरेल एवढी. डिसेंबरात इथेच समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. थोडे जमू लागले की तारकर्ली. मालवणहून सहा-सात किलोमीटर दक्षिणेला. तिथून खाली देवबागपर्यंत वाळू चालूच राहते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माडांच्या पलीकडे कर्लीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. संगमाजवळ पाण्याला ओढ असते, तेव्हा घामेजलेल्या अंगाने तिथे पाण्यात उतरू नका.

पहाटे रापण ओढणारे भेटतील. दोर वाळूवर लांबवर पसरलेले असतात, त्यांवरून उडी मारून जाऊ नका, वळसा घाला. त्यांचा तो कामाचा वेळ आहे, आपला हौसेचा. आणि हिवाळ्यात काही किनाऱ्यांवर, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला तर नक्कीच, कासवे अंडी घालायला येतात. जाळी किंवा काठ्या लावून राखलेली जागा दिसली तर दुरून जा.

बोलत बोलत धावा

दुसरा धडा. “शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं,” बाई म्हणाल्या. “पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटू लागला की चालायला लागा.” आम्ही सुरुवात केली ती एक मिनीट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी, एकूण वीस-बावीस मिनिटे. आठवड्यातून तीनच दिवस. आपल्याला वाटते, दमल्याशिवाय व्यायाम कसला? पण श्वास लवकर तयार होतो, स्नायू त्यानंतर, आणि सांधे व नसा सर्वांत शेवटी. छाती ‘आणखी धाव’ म्हणत असते तेव्हा पोटरी तयार झालेली नसते. म्हणून अंतर वाढवायचे ते आठवड्याला थोडे थोडे. दहा मिनिटे धावता येत असेल, तर पुढच्या आठवड्यात अकरा.

पावले लहान टाका. पाय लांब फेकला की टाच पुढे आदळते आणि हिसका गुडघ्याला बसतो. “चुलीवरचं दूध उतू चाललंय आणि अंगणातून आत यायचंय, तेव्हा कशा येता? भराभर, लहान पावलांनी. तश्शा या.” ही उपमा आम्हां दोघींना लगेच कळली!

वाळू दोन प्रकारची

कोरड्या, मऊ वाळूत धावायला टणक जमिनीपेक्षा सुमारे दीडपट शक्ती लागते. पाय रुततो, जोर वाळूतच जिरतो. म्हणून नवशिकीने तिथे धावू नये, चालावे. नुसते चालणेही चांगला व्यायाम आहे. धावायचे ते ओल्या वाळूवर.

तिथेही एक खोच आहे. पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने धावत राहिलात तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो आणि कंबर धरते. त्यावर उपाय सोपा. जितके गेलात तितकेच त्याच वाटेने परत या.

अनवाणी धावावे का? समुद्र बघितला की चपला काढाव्याशा वाटतातच. पण जन्मभर चप्पल वापरलेल्या पायांना ते एकदम सोसत नाही. पोटऱ्या आणि टाचेवरची शीर दुखावते. दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करा. कालवे असलेल्या खडकांजवळ तर बूट हवेतच, त्यांची धार विळीसारखी असते. मधुमेह असेल तर अनवाणी मुळीच नको.

“खंय धावतंस गो?”

सगळ्यांत अवघड काय होते सांगू? दम नव्हे, लोक. पहिल्याच दिवशी एका मावशींनी हाक मारलीच, “खंय धावतंस गो बाये? बस चुकली काय?” वहिनी लाजून चालायला लागली. बाईंनी तिथूनच उत्तर दिले, “चुकली नाय, धरूक चललंव!” दोघी हसल्या. आठवड्याभराने त्याच मावशी विचारू लागल्या, “काल इलास नाय ती?”

बाईच्या धावण्याकडे बघणारी नजर काही मालवणची एकटीची नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि त्या फार थकतात अशी ओरड होऊन ती बंद झाली, ती थेट १९६० पर्यंत. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावे लागले! आणि आपल्याकडे? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली. नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले आणि २०१० साली तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पटकावले. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दोघी दुष्काळाच्या आणि डोंगराच्या मुलखातल्या. गुण त्यांच्यात होताच, पण तो ओळखून रोज वळण लावणारे कोणीतरी लागते.

वहिनीची गोष्ट

हे वळण लावणे म्हणजे काय, ते मला वहिनीमुळे कळले. दुसऱ्या आठवड्यात माझा दम सुधारला, तिचा नाही. एका मिनिटात छाती धडधडायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. “वय झालं, दुसरं काय,” ती म्हणाली. घरातही सगळे तेच म्हणाले. बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखे बघितली आणि सांगितले, “उद्यापासून धावणं बंद. आधी रक्त तपासून या. कागद बघितल्याशिवाय मी घेणार नाही.”

तपासणीत हिमोग्लोबिन निघाले ८.१. बाईला निदान १२ हवे! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले आहे. म्हणजे वहिनीसारख्या घरोघर आहेत, आणि घरोघर त्याला ‘वय झालं’ म्हणतात. डॉक्टरांनी कारण शोधले. पाळीतला अतिस्राव वर्षानुवर्षे अंगावर काढलेला होता. त्यावर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, त्याने लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळा. मी परतले तेव्हा ती नुसती चालत होती. आता कळवते की धावायला लागली आहे, आणि मुख्य म्हणजे जिना चढताना थांबावे लागत नाही.

चांगला शिक्षक पळवतो हे खरेच, पण कधी थांबवायचे हेही त्याला कळते. पैसे देऊन कोणाला नेमणार असाल तर हे एवढे बघा. पहिल्या दिवशी तो तुमची आजारपणे, बाळंतपणे, औषधे विचारतो का? विचारत नसेल तर दुसरा शोधा. आणि छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब असले काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाऊल उचलू नका.

कुजबुजून बोलायची गोष्ट

बाळंतपणे झालेल्या पुष्कळ जणींना धावताना, शिंकताना लघवीचे थेंब येतात. लाजेने कोणी बोलत नाही आणि धावणे सोडून देते. बाईंनी मोकळेपणी सांगितले. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, सावकाश पाच-दहा मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी चिरताना, बसमध्ये बसल्या बसल्याही होते, कोणाला कळत नाही. तीन महिने नेमाने करा. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. यावर उपाय असतात.

गुडघ्यांचीही तशीच धास्ती. हौसेने, बेताने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असे संशोधनात दिसलेले नाही. मात्र गुडघ्याला आधार मांडीचा. म्हणून भरतीच्या दिवशी घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला धरून पंधरा वेळा टाचा उचला. हा सारा व्यायाम दोनदा करा.

पेज, कोकम आणि बॅग

निघण्यापूर्वी अर्धे केळे पुरते. परतल्यावर मालवणात आयते औषध असते ते उकड्या तांदळाच्या पेजेचे. मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड. घाम फार आला असेल तर मीठ-साखर घातलेले कोकम सरबत किंवा शहाळे. नाचणीची आंबीलही उत्तम. घावणे-चटणी मग सावकाश!

कपडे साधे. ओढणी घरी ठेवलेला पंजाबी ड्रेसही चालतो. पण आत घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा हवीच, तिथे काटकसर करू नका. बुटांत अंगठ्यापुढे बोटभर जागा असू द्या, आणि ते संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने बूट पुसा, खारे पाणी चिकटवण सोडवते.

जायला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून मालवण तासाभराच्या अंतरावर. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणार असालच. १६६४ साली सुरू होऊन तीन वर्षांत उभा राहिलेला हा जलदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. तटावरून मात्र धावू नका बरे, दगड निसरडे आहेत, रमतगमत फिरा.

आणि निघण्यापूर्वी पंचांगात तिथी बघून ठेवा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पोहोचलात तर पहिल्याच सकाळी रुंद, ओली पुळण मिळेल. सोबत बहीण, जाऊ, नणंद, कोणीही घ्या. नाहीतर बोलत बोलत धावायचे कसे?