चप्पल

गोवा एक्स्प्रेस नगरला थांबते. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी चैत्यभूमी आणि तिचं माहेर सोडून आम्ही दोघं कुठं गेलो नव्हतो. बोनस हातात पडला तशी स्लीपरची दोन तिकिटं काढली. दोन रात्री पणजी. आई म्हणाली, "तिथं काय हाय?" म्हणालो, "समुद्र."

खोटं बोललो. मला बोटी बघायच्या होत्या. गिरणीत रात्रपाळीला रिंगफ्रेमवरची पोरं मोबाईलवर मांडवीतले कॅसिनो दाखवतात. निळे-जांभळे दिवे, फिरतं चाक, नोटा.

जुगार आमच्या घरात नवा नाही. बाप मटका खेळायचा. मटक्याचा जन्मच मुळी कापसातला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात भाव कितीला उघडतो, कितीला बंद होतो, त्यावर मुंबईत आकडे लागायचे. ओपन-क्लोज हे शब्द तिथलेच. म्हणजे सूत आम्ही कातायचं आणि त्याच कापसाच्या भावावर बुडायचंही आम्हीच! आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. उरलेला दहावा रुपया कुणाच्या खिशात जातो, हे बापाला कधी कळलं नाही. आईच्या कानातली फुलं त्या दहाव्या रुपयात गेली.

पणजीत संध्याकाळी मांडवीच्या काठानं चाललो होतो. तिनं माझा हात धरला. भर रस्त्यात, पहिल्यांदा. मी घाबरून मागं बघितलं. सवय! आमच्याच जिल्ह्यात, खर्ड्याला, 2014 साली सवर्ण मुलीशी बोलण्याच्या संशयावरून आपल्या एका शाळकरी पोराला मारून टाकलं. 2017 ला खटल्यातले आरोपी सुटले. असल्या मुलखातून आलेल्या माणसाला नुसता हात धरायलाही काळीज लागतं. इथं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. तेवढ्यावरच गाडीभाडं वसूल झालं, असं ती म्हणाली.

मग दिवे लागले. नदीच मयताला नटवावी तशी नटली. तिकीटघर काठावर, तिथून लहान बोटीनं मोठ्या बोटीवर नेतात. माणशी तिकीट माझ्या आठवड्याच्या पगाराएवढं. तरी मी रांगेत घुसलो. दारावरच्या पोरानं माझ्या पायाकडं बघितलं.

"सर, चप्पल नाही चालणार. बूट पाहिजेत."

सर म्हणाला, जात विचारली नाही. पण माझं डोकं फिरलं. माझा आजा गावात वाड्यासमोरून जाताना चपला काढून हातात घ्यायचा. त्याला पायात चप्पल घालायची चोरी, मला चपलेवर आत जायची चोरी. च्यायला, आमच्या पायांचं करायचं तरी काय?

मी इरेला पेटलो. बायकोला म्हणालो, "चल, बाजारात. सातशेचे बूट घेऊ आणि आत जाऊच. बाबासाहेबांनी बंद दारं उघडायला शिकवलंय."

ती म्हणाली, "बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायला शिकवलं. हितं काय प्यायचंय?"

मी गप्प. तिचं चालूच. "आन् काळारामाच्या दाराशी 1930 पासून किती वर्षं थांबले? 1935 ला येवल्यात पाठ फिरवलीच ना?" ती बारावी झालीय. मी नववी नापास. कविता मी करतो, पण हिशेब तिचा पक्का.

तेवढ्यात मागं उभा असलेला एक टॅक्सीवाला हसला. म्हणाला, "आम्ही हितलेच. पण बूट घातले तरी आम्हाला आत सोडत नाहीत." खरंच आहे. 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. कायदा 1976 चा. त्यात 1992 ला बदल करून हॉटेलात यंत्रं आली, 1996 ला बोटींची सोय झाली. आपलं सरकारही मागं नव्हतं. महाराष्ट्रानंही 1976 लाच कॅसिनोचा कायदा केला, कधी लागू केला नाही आणि 2023 ला रद्द केला. माणसाला किमान वेतन द्यायचा कायदा पाळताना मात्र हात थरथरतात.

रात्री लॉजवर मी चाकाचा हिशेब मांडला. शून्य धरून खण 37. एका आकड्यावर रुपया लावला आणि लागला, तर वर 35 मिळतात. म्हणजे आपला रुपया धरून हातात 36. सदतिसावा पुन्हा दहाव्या रुपयाचाच भाऊ. तिला सांगितलं. ती झोपली होती.

सकाळी मिरामारला गेलो. तिनं चपला काढून हातात घेतल्या. मी घेईना. ती म्हणाली, "वाळूनं बंद तुटंल, घ्या की." मग घेतल्या. लाटेत बराच वेळ चाललो. तिनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली होती आणि लहान पोरीसारखी ओरडत होती. असं तिला घरी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

आता गिरणीत पोरं विचारतात, "किती हरलास रे?" मी म्हणतो, बुटाचे सातशे वाचले. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पहाटे तीन-चारला डोळ्यांवर झापड येते, तेव्हा सुताच्या धुरळ्यात ते जांभळे दिवे मला अजून दिसतात.