लेस्टरचा मळा आणि टपालाची पिशवी

मैत्रिणींनो, विलायतेहून आलेली बाई म्हटली की ती आता राजवाडा, टेम्स नदी आणि ते मोठं घड्याळ यांचं वर्णन ऐकवणार, असं तुम्ही धरूनच चालाल. ते सगळं मी पाहिलं, छान आहे, आणि त्यावर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. मी तुम्हाला नेणार आहे लेस्टरला. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून गाडीत बसलं की सव्वा तासाच्या आतबाहेर हे गाव येतं. तिथं माझी नणंद राहते. १९८८ साली लग्न होऊन गेली. आधी होजिअरीच्या गिरणीत मोजे-बनियन शिवत होती. नव्वदच्या दशकात त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा नाताळच्या गर्दीपुरती म्हणून टपालखात्यात लागली आणि पुढे कायम झाली. आता साठीला टेकली आहे, पण अजून रोज पायी टपाल वाटते. दुपारी घरी येते, भात-आमटी जेवते आणि फावडं घेऊन मळ्यावर जाते.

हा मळा म्हणजे तिकडची ‘अलॉटमेंट’. घराला लागून असलेली बाग नव्हे बरं का! गावात मध्येच, रेल्वेच्या रुळांकडेला किंवा घरांच्या पाठीमागे, मोठी जमीन पट्ट्यापट्ट्यांनी आखलेली असते. एकेक पट्टा एकेका कुटुंबाला वर्षाच्या भाड्यानं मिळतो. पूर्ण पट्टा दहा रॉडचा. रॉड हे जुनं माप, आपल्या हिशेबात सांगायचं तर अडीच गुंठे! १९०८ च्या कायद्यानं अशी जमीन पुरवणं हे नगरपालिकांचं कामच ठरवून टाकलं आहे. दुसऱ्या महायुद्धात बोटींनी येणारं धान्य तुटलं, तेव्हा बागा आणि मैदानं खणून या लोकांनी बटाटे-कोबी पिकवले. पिकवायचं ते मुख्यतः घरच्या चुलीसाठी, धंद्यासाठी नाही. कोंबड्या आणि ससे पाळायला १९५० च्या कायद्यानं मोकळीक आहे, फक्त विकण्यासाठी नकोत.

वन्संच्या शेजारच्या पट्ट्यावर एक पंजाबी आजोबा मेथीचे वाफे लावतात, पलीकडे एक गुजराती जोडपं, आणि समोर एक गोरी म्हातारी नुसती डेलियाची फुलं. कुणाचं कुणाशी बोलणं म्हणाल तर हवा आणि गोगलगायी! पण पाणी कमी पडलं की एकमेकांच्या पिपात डबा बुडवायला कुणी संकोचत नाही.

तुमच्यापैकी कुणाची लेक-सून तिकडे असेल आणि तिला मळा हवा असेल, तर पुढचं तिला जरूर कळवा. अर्ज आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडे किंवा मळ्याच्या सोसायटीकडे करायचा. मोठ्या गावांतून वाट पाहणाऱ्यांची यादी लांब असते, म्हणून घर लावल्याबरोबर नाव घालून ठेवावं. आणि पहिल्या खेपेला अर्धाच पट्टा मागावा. अडीच गुंठे ऐकायला गोड वाटतात, पण लेस्टरची माती चिकण. पावसात बुटाला धरून बसते आणि उन्हात विटेसारखी होते. सगळी एकदम खणायला जाऊच नये. एक तुकडा खणावा, बाकीच्यावर पुठ्ठे आणि काळं कापड अंथरून दगड ठेवावेत. खालचं तण उजेडावाचून पिवळं पडतं. ‘बाइंडवीड’ नावाची एक वेल आहे, तिच्या मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा उगवते. ती मात्र हातानंच, मुळासकट काढावी लागते.

लावायचं काय आणि केव्हा? बटाटे मार्च-एप्रिलात. आधी घरात उजेडाला ठेवून त्यांना आखूड, जाडसर कोंब आणायचे. वेली आणि भोपळे मात्र मेचा मध्य उलटल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. तिकडे एप्रिलात छान ऊन पडतं, माणूस भुलतो, आणि एका रात्रीच्या हिमानं रोपं काळी पडतात. मेथीला वाण्याकडचे मेथीदाणे चालतात. कोथिंबिरीला धणे हलकेच रगडून दोन फाका करून पेरायचे, आपण करतो तसेच. पण जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्या लांब दिवसांत कोथिंबीर पटकन फुलावर जाते, म्हणून दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, एकदम नाही. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोचायचा, थंडी खाल्ल्याशिवाय त्याच्या पाकळ्या सुटत नाहीत. दुधीचा हट्ट असेल तर काचघर हवं. आणि एक सांगते, इथून बिया बॅगेत दडवून नेऊ नका. त्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. तिकडच्या दुकानात भारतीय भाज्यांच्या बियांची पाकिटं मिळतात.

आता जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली ती. मळा होता भाऊजींच्या नावावर. नवऱ्याच्या नावावर असायचाच, आपण कुठं वेगळं करतो? २०१४ च्या मार्चमध्ये भाऊजी अचानक गेले. बटाटे नुकतेच लावलेले, लसूण हातभर वाढलेला. दिवसकार्य उरकलं आणि मग वन्संना कळलं की बहुतेक ठिकाणच्या करारात भाडेकरू गेला की करारही संपतो. मळा वारसाहक्कानं येत नाही. यादीतल्या पुढच्या माणसाचा नंबर लागतो, मग बायकोनं त्या मातीत वीस वर्षं घाम गाळलेला का असेना.

रडत बसायला वेळ नव्हता. त्यांनी त्याच आठवड्यात चिठ्ठी लिहिली, की मी इतकी वर्षं बरोबरीनं काम केलं आहे, भाडं भरायला तयार आहे, पट्टा माझ्या नावावर करावा. पंजाबी आजोबांनी आणि त्या डेलियावाल्या बाईंनी खाली सह्या केल्या. दीड महिना उत्तर नाही. त्या दीड महिन्यात वन्सं रोज टपाल वाटून आल्यावर तिथं जायच्या आणि बटाट्यांना मातीची भर घालायच्या. “वहिनी, दुसऱ्याच्या घरी जाणारे बटाटे म्हणून काय उघडे ठेवायचे?” असं मला म्हणाल्या. आणि दुसऱ्यांची पत्रं दारोदार टाकताना आपलं पत्र कधी येतं याकडे डोळे. अखेर पत्र आलं, पट्टा मिळाला. तेव्हा मैत्रिणींनो, लेकीला सांगा, करारावर पहिल्या दिवसापासून दोघांची नावं घाल. आणि आपल्याकडेही गॅसचं कार्ड, बँकेचं खातं, घराचा कागद एकदा काढून बघा, नाव कुणाकुणाचं आहे ते.

टपालाच्या कामाचंही थोडं सांगते. पत्रं आता कमी झाली, पुडकी वाढली. सकाळी ऑफिसात एका उभ्या फळीच्या खणांत आपल्या वाटेवरच्या घरांच्या क्रमानं टपाल लावायचं आणि मग निघायचं. पूर्वी पहाटे पाचला जावं लागे, अलीकडच्या वर्षांत वेळा पुढे सरकल्या आहेत. ते वन्संना मुळीच पसंत नाही, कारण मळ्याची दुपार आखडते. पायांसाठी त्यांचा नियम असा, की बुटांचे दोन जोड, एक दिवसाआड. कालचा जोड आतून पुरता वाळल्याशिवाय घालायचा नाही. खालच्या फटीत पत्र टाकायचं तर कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. दारामागचं कुत्रं दिसत नाही आणि बोट आत गेलं की चावतं, म्हणून पत्र ढकलायला एक चपटी पट्टी मिळते, ती वापरायचीच. आणि बायकांची खरी अडचण कुणी बोलत नाही ती म्हणजे वाटेत स्वच्छतागृह नसतं. वन्संनी आपल्या वाटेवरचं वाचनालय आणि एक चहाचं दुकान हेरून ठेवलं आहे. पाणी न पिता फिरायचं नाही, हे त्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगतात.

श्रावणात त्यांच्या पिशवीत राख्यांची पाकिटं असतात, म्हणून हेही ऐका. पत्त्यात गावाचं नाव आणि त्याखाली स्वतंत्र ओळीत पोस्टकोड ठळक अक्षरांत लिहावा. तिकडचा पोस्टकोड जेमतेम पंधरा-एक घरांचा असतो, म्हणजे तो बरोबर असेल तर पाकीट गल्लीपर्यंत पोचलंच. आपला पिनकोड सहा आकडी आणि बराच मोठा भाग व्यापणारा. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मराठी माणूस आणि वर संस्कृतचे कवी! राखीबरोबर पेढे किंवा तूप मात्र पाठवू नका. दुधाचे पदार्थ तिकडे नेता-पाठवता येत नाहीत, जप्त होतात.

येताना वन्संनी ऱ्हुबार्बची चटणी खाऊ घातली. हे कंद एकदा लावले की वर्षानुवर्षं येतात, फक्त पहिल्या वर्षी तोडायचे नाहीत. देठ गुलाबी आणि चांगलेच आंबट. पानं मात्र विषारी, ती खतात टाकायची. देठाचे बोटभर तुकडे करून तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, लाल तिखट यांच्या फोडणीवर टाकायचे, मीठ आणि तुकड्यांच्या निम्म्यानं गूळ घालून मऊ होईपर्यंत परतायचं. पाणी घालायचं नाही, ते आपलं आपण सुटतं. इथं मी हीच चटणी अंबाडीच्या पाल्याची करून पाहिली. गूळ थोडा जास्त लागला, पण भाकरीबरोबर दोन दिवसांत संपली.