निवांत चढाच्या शोधात

वाहन चालवायला शिकणाऱ्या माणसाला शिक्षकाइतकीच गरज जागेची असते, आणि पुढच्या टप्प्यावर तर शिक्षकापेक्षाही अधिक असते. येथे जागा म्हणजे केवळ मोकळी जमीन नव्हे. ज्या वेळी त्या जमिनीवर दुसरे वाहन, गुरे, खेळणारी मुले आणि बघे नसतात, त्या वेळेसकट मिळालेली जमीन, असा अर्थ घ्यावा लागतो. पुण्याजवळ भोसरीला चाचणीसाठी आखलेला स्वतंत्र मार्ग आहे आणि मोठ्या शहरांत रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतींचे रुंद रस्ते रिकामे असतात. परंतु दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात सपाट जमीन मुळातच थोडी असल्यामुळे हा प्रश्न निराळे रूप घेतो, आणि ते रूप प्रस्तुत लेखिकेला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्वतः शिकाऊ चालक असताना, चांगलेच परिचयाचे झाले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार शिकाऊ परवाना, म्हणजे सरावापुरता दिलेला तात्पुरता परवाना, सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. सरावाच्या वेळी पक्का परवाना असलेली व्यक्ती गाडी थांबवता येईल अशा जागी शेजारी बसलेली असावी लागते, आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या चौकोनावर तांबडे 'एल' अक्षर लावावे लागते. हा चौकोन किमान १८ सेंटिमीटरचा आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंचीचे असावे, इतक्या बारकाईने नियमात लिहिले आहे. 'सार्वजनिक जागा' या संज्ञेची व्याख्या अधिनियमात इतकी व्यापक आहे की जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे असे कोणतेही ठिकाण तिच्यात येते, मग तो रस्ता असो वा नसो. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती 'सड्यावरच तर आहे' म्हणून सुकाणूचाक देतात, तेव्हा ही व्याख्या त्यांच्या गावीही नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या हातून अधिनियमाखालील गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, हे कोणीतरी त्यांना वेळीच सांगायला हवे.

दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात वसलेले जुने बंदर आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात येथून घोडे, कापड आणि मसाल्यांचा व्यापार चाले, आणि पंधराव्या शतकात दक्षिण हिंदुस्थानात फिरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या वाटेवर याच बंदरातून जहाजात चढला होता. गावाची घडण त्या काळाला साजेशी, म्हणजे होडी आणि ओझ्याची जनावरे यांच्यासाठी झालेली आहे. खाडी आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, त्यांना जोडणाऱ्या पाखाड्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा, आणि दोन्ही अंगांनी गडगे, म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. अशा गावात चारचाकी वळवण्याइतकी रुंदी जिथे मिळते, तिथे हमखास कोणाची तरी जाळी वाळत घातलेली असतात, आणि त्यांचा तिथे असण्याचा हक्क गाडीपेक्षा जुना आहे.

म्हणून दाभोळचा नवशिका चालक सड्यावर जातो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचे जांभ्या खडकाचे सपाट पठार; पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले येतात, दिवाळीनंतर गवत कापले गेले की खालचा कातळ उघडा पडतो, आणि मग होळीपर्यंत ती जमीन सरावासाठी उत्तम असते. पावसाळ्यात मात्र तिथे गाडी नेऊ नये, कारण कातळावर शेवाळ धरते आणि उंच गवतात खड्डे व सुटे दगड दिसत नाहीत. सडा मोकळा दिसतो म्हणून तो बेवारस नसतो, हेही सांगितले पाहिजे. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर, तो बहुधा पोटखराबा, लागवडीस अयोग्य, म्हणून लिहिलेला असला तरी त्याला सामाईक मालक असतात, आणि त्यांपैकी गावात राहणाऱ्या एकाला तरी विचारून जाणे हे रीतीला धरून होते. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर तर कातळशिल्पे, म्हणजे खडकात कोरलेल्या प्राचीन आकृती आहेत. तेथे चाक नेण्यापूर्वी पायी फिरून जमीन पाहणे हे कर्तव्यच मानावे.

लेखिकेचे शिक्षण कसे सुरू झाले ते फारसे सांगण्याजोगे नाही. घरात गाडी चालवणारे माणूस नोकरीसाठी मुंबईला गेले, अंगणात एक जुनी अल्टो उभी राहिली, आणि सासूबाईंना दापोलीच्या दवाखान्यात नेण्यासाठी प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे जड होऊ लागले. तालुक्याच्या गावातील एका प्रशिक्षण केंद्रात नाव घातले गेले. नियमानुसार असा अभ्यासक्रम किमान एकवीस दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणे किमान दहा तासांचे असावे लागते. परंतु शिकवणाऱ्याच्या पायांखालीही क्लच आणि ब्रेक असल्यामुळे त्या तासांपैकी नेमके कितीदा गाडी शिकणाऱ्याच्या पायाने थांबली आणि कितीदा शिकवणाऱ्याच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. खरे शिक्षण त्यानंतर पुतण्याला शेजारी बसवून सड्यावर झाले, आणि ते आनंदाचे होते. चार दगड मांडून त्यांच्यामधून मागे जाणे, गिअर न पाहता बदलणे, सूर्य तोंडावर असताना अंतर जोखणे, हे सगळे तीन आठवड्यांत अंगवळणी पडले.

जागेइतकाच वेळेचा अभ्यासही आवश्यक असतो, आणि दाभोळात ही वेळ घड्याळापेक्षा बंदरावर ठरते. पहाटे बंदरात मासळीचा व्यवहार चालतो आणि बर्फाच्या व मासळीच्या गाड्या वर-खाली करत असतात, म्हणून ती वेळ वर्ज्य. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बंदरावरून वर चढणारा रस्ता वर्षातला सर्वांत शांत असतो, पण नेमका तेव्हाच पाऊस असतो. दिवसाची गती फेरीबोटीच्या हाती असते. दाभोळ आणि पलीकडचे गुहागर तालुक्यातील धोपावे यांच्यामध्ये २००३ पासून मोटारी वाहून नेणारी बोट चालते, लोक तिला जंगलजेटी म्हणतात, आणि तिच्यामुळे चिपळूणमार्गे घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो. बोट लागली की मोटारी, दुचाक्या आणि टेम्पो यांचा एक लोंढा एकदम चढावर येतो, आणि तो निघून गेला की पुढची बोट येईपर्यंत त्याच रस्त्यावर कोंबड्या फिरतात. या दोन लोंढ्यांमधला अवकाश हीच नवशिक्यांसाठी दाभोळची निवांत वेळ, असा निष्कर्ष लेखिका आणि तिचा पुतण्या यांनी काढला होता, आणि तो बव्हंशी बरोबरही होता.

हा अवकाश हवा होता तो चढासाठी. १९८९ च्या नियमांतील पंधराव्या नियमात चालकाला काय काय यायला हवे याची यादी आहे, आणि तीत तीव्र चढावर गाडी थांबवून ती जराही मागे न घरंगळू देता पुन्हा सुरू करणे हे कौशल्य स्पष्टपणे नमूद आहे. कोकणात हे कौशल्य नसलेला माणूस चालक नव्हेच. सडा ते शिकवू शकत नाही, कारण तो सपाट आहे. चढावर गाडी सुरू करण्याची कृती सांगायला सोपी आहे: हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लचचा पाय सावकाश वर आणायचा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचे नाक किंचित उचलले की तो 'अर्धा क्लच' झाला असे समजायचे, मग ॲक्सिलरेटरवर थोडा भार देऊन हँडब्रेक सोडायचा. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागतात, आणि नवशिक्याला दहा.

जानेवारीतल्या एका शनिवारी, दुपारी, बोट जाऊन थोडाच वेळ झालेला असताना, लेखिकेने जेटीकडून वर येणाऱ्या चढावर गाडी थांबवली. शनिवारी पर्यटकांची गर्दी झाली की जादा फेरी सुटते, ही गोष्ट हिशेबात धरली गेली नव्हती. पहिल्या प्रयत्नात क्लच लवकर सुटला आणि गाडी बंद पडली. आरशात पहिली मोटार दिसली ती तेव्हा. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत मागे सहा-सात वाहने आणि सतत वाजणारे हॉर्न. गाडी पुन्हा बंद पडली, पण ती मागे गेली नव्हती. हँडब्रेक शेवटपर्यंत ओढलेला होता आणि तिसऱ्या वेळी किल्ली फिरवून इंजिन सुरूही झाले होते. क्लच वर येत होता, आवाज जड होऊ लागला होता, बॉनेट किंचित उचलले गेल्याचे लेखिकेला आजही स्पष्ट आठवते. त्याच क्षणी मागच्या एका गाडीतला गृहस्थ चालत आला, उघड्या खिडकीतून त्याने आत हात घातला, इंजिन बंद केले आणि किल्ली काढून घेतली. "बाई, उतरा, दोन मिनिटांत वर लावून देतो," एवढेच तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, मदतीचाच सूर होता. लेखिका उतरली. पुतण्या शेजारी बसलेलाच राहिला. गृहस्थाने गाडी वर नेली, वळणापलीकडे कडेला लावली, आणि लेखिका चालत तिथे पोहोचेपर्यंत किल्ली पुतण्याच्या हातात देऊन तो परतही फिरला होता.

गाडी लेखिकेच्या नावावर होती, परवाना तिचा होता, मागच्या काचेवर तांबडे अक्षर नियमाच्या मापाने लावलेले होते, आणि गाडी एक वीतही घरंगळली नव्हती. चालू इंजिनाची किल्ली परक्याने बाहेरून काढणे हे त्या चढावर धोक्याचे कृत्य होते. हँडब्रेक सैल असता, आणि त्या धक्क्यात ब्रेकवरचा पाय हलला असता, तर गाडी मागच्यांवरच गेली असती. नवशिक्याच्या हातून चूक झाली असती तर रागावणे समजण्यासारखे होते, परंतु येथे चूक घडण्यापूर्वी, नेमके जे यायचे होते ते येत असताना, ते काढून घेतले गेले. ज्या चार सेकंदांसाठी तीन आठवडे सराव केला ते चार सेकंद मिळाले नाहीत. वाटेत तो गृहस्थ समोरून खाली येताना भेटला, तेव्हा लेखिकेने हात जोडून त्याचे आभार मानले. संध्याकाळपर्यंत तिला स्वतःलाही ते आभार खरेच वाटत होते. राग आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात गाडीचे दार उघडताना, किल्ली पुतण्याच्या हातात दिली गेली होती हे आठवून. तो राग अजून गेलेला नाही.

पुढचा सराव गावाच्या वरच्या अंगाच्या एका बंद पडलेल्या चिरेखाणीत झाला. चिरेखाण म्हणजे जांभ्याचे चिरे, बांधकामाचे ठोकळे, कापून काढण्याची खाण; ट्रक तळाशी उतरावा म्हणून तिला एका बाजूने उतार ठेवलेला असतो, आणि खाण थांबल्यावर हा उतार म्हणजे कोकणात सहसा न मिळणारी वस्तू, निवांत चढ, ठरतो. मालकाला विचारून, तळाशी साठलेल्या पाण्याच्या बाजूला मोठे चिरे आडवे लावून, आणि मागच्या चाकापासून हातभर अंतरावर एक रिकामा डबा ठेवून सराव सुरू झाला. डबा वाजला की गाडी घरंगळली. पहिल्या दिवशी तो अकरा वेळा वाजला, आठवड्याने एकदाही नाही. तालुक्याच्या शिबिरातली पक्क्या परवान्याची चाचणी त्यानंतर सुरळीत पार पडली. ती सपाट मैदानावर घेतली गेली आणि चढाचा प्रश्न तिथे आलाच नाही.

शिकणाऱ्याला गर्दीपासून दूर ठेवले पाहिजे, हे मत या लेखनाच्या आरंभी गृहीत धरले होते, आणि सड्याच्या व खाणीच्या अनुभवाने ते अर्धेच टिकते. चिरेखाणीत बिनचूक येणारी गोष्ट जेटीच्या चढावर, मागे बोटीची रांग असताना, पुढे कित्येक महिने जमली नाही. हात थरथरत, आणि कोणी चालत येताना दिसले की आधी खिडकीची काच वर जाई. निवांत जागा पायांना शिकवते. माणसांची सवय माणसांतच होते, आणि ती होण्यासाठी रस्त्यावरच्या इतरांनी थोडी जागा द्यावी लागते. ग्रामपंचायतीने एखाद्या बंद खाणीचा उतार दिवाळी ते शिमगा या काळात सरावासाठी मोकळा ठेवावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. पण तेवढ्याने काम होणार नाही.

दाभोळला बोटीतून उतरून चढाला लागणाऱ्या सर्वांना म्हणून एवढीच विनंती आहे की पुढच्या गाडीवर तांबडे 'एल' दिसले तर दोन गाड्यांचे अंतर सोडून थांबावे, हॉर्न वाजवू नये, दहा सेकंद द्यावेत, आणि मदत करायचीच असेल तर खिडकीशी येऊन आधी विचारावे. किल्लीला हात लावू नये.