दोन फूट भरण

करारात शब्द होता ‘भरण’. ‘प्लॉटवर दोन फूट भरण करून देण्यात येईल.’ कशाचं भरण, ते लिहिलेलं नव्हतं आणि घरमालकांनी विचारलंही नव्हतं. आज 6 वर्षं झाली, तरी पाहुण्यांसमोर चहाचे कप आले की ते फिरून फिरून त्याच शब्दावर येतात. (घरमालक म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण आपली फजिती ‘मी’ लावून सांगताना हात आखडतो. ‘ते’ लावलं की जरा मोकळं लिहिता येतं, म्हणून ‘ते’.)

नोकरीची 31 वर्षं अकोला, अमरावती, नागपूर अशी गेली. निवृत्त झाल्यावर गोंदियाला परतायचं ठरलं. शहराबाहेर नवं लेआउट पडत होतं, तिथे 2,400 चौरस फुटांचा प्लॉट घेतला, घर बांधलं. मागेपुढे मिळून 900 फूट मोकळे राहिले. त्यातल्या 600 फुटांवर लॉन, कडेने मोगरा, जास्वंद, एक कढीपत्ता, एक पेरू, एवढीच हौस. हा धानाचा जिल्हा. वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस. इथे गवत उगवणार नाही असं कुणी म्हटलं असतं तर घरमालक हसले असते.

पहिल्या पावसात लॉन लावलं. नर्सरीवाल्याने ‘सिलेक्शन वन’ नावाच्या गवताच्या चादरी आणून पसरल्या, रोलर फिरवला, पैसे घेतले. जुलैभर ते इतकं हिरवंगार होतं की शेजारच्या बाई नातवंडांना फोटो काढायला घेऊन यायच्या. ऑक्टोबरात पिवळेपणा दिसू लागला. युरिया दिला, आठ दिवस हिरवं, पुन्हा पिवळं. दिवाळीनंतर रोज तासभर बोअरचं पाणी सोडायचे. सकाळी पाहावं तर जमीन कोरडी. एकदा त्यांनी भरलेली बादली एका जागी ओतली. रिकामी बादली खाली ठेवेपर्यंत पाणी गायब, वर फक्त ओला डाग. होळीपर्यंत लॉनच्या जागी पिवळ्या दोऱ्यांचं जाळं उरलं.

तेव्हा कुठे त्यांनी सब्बल घेतली. हातभर खणलं, वास घेतला. वास नव्हताच. मूठभर उचलून पाणी लावून मळलं, तर पोळीच्या उंड्यासारखा गोळा होईना. बोटांतून सुटून पडलं. मग काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून दोन मिनिटं हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. ही तपासणी कुणालाही जमते. रेती मिनिटभरात खाली बसते, तिच्यावर पोयटा काही तासांत आणि चिकणमाती सगळ्यांत शेवटी, एखाद-दोन दिवसांनी. घरमालकांच्या बरणीतलं पाणी अर्ध्या तासात जवळपास निवळलं. तळाशी चार बोटं रेती, वर एक बारीकशी करडी रेघ. बरणी खिडकीत पंधरा दिवस होती. घरच्या बाईंनी शेवटी तिच्यात मनीप्लँट लावला.

रेतीचा कण 2 मिलिमीटरपासून 0.05 मिलिमीटरपर्यंतचा असतो आणि चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरहूनही बारीक. बारीक कणाला पृष्ठभाग जास्त, म्हणून पाणी आणि अन्नद्रव्यं त्याला धरून राहतात. रेतीला धरता काही येत नाही. दिलेला युरिया पहिल्या जोरदार सरीबरोबर मुळांखाली निघून जातो आणि आपण पुन्हा पोतं फोडतो. प्रयोगशाळेतून आलेल्या कागदावर सेंद्रिय कर्ब 0.2 टक्का होता, निदान 0.5 च्या आसपास असता तर बरं होतं.

पण या जागी ही रेती आली कुठून? कडेला अजून शिल्लक असलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, काळपट चिकट जमीन दिसत होती. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. धान कापायच्या आधी तिच्यात लाखोळी फेकली तर वरून थेंबभर पाणी न देता येणारी. झाडीपट्टीत जमिनीला सिहार, मोरंड, कन्हार, बरड अशी नावं आहेत. इथल्या माणसाला चार पावलं चालून कळतं आपण कशावर उभे आहोत. घरमालकांना 31 वर्षांच्या नोकरीत ते विसरायला झालं होतं.

उत्तर दिलं त्या जमिनीच्या मूळ मालकाने. त्याची उरलेली बांधी लेआउटला लागूनच आहे. रोवणीच्या दिवसांत तो बांधावर बसला होता, घरमालक जाऊन शेजारी बसले आणि विषय काढला. तो म्हणाला, “साहेब, माती तं कवाचीच गेली जी. भट्टीवाल्यानं उन्हाळाभर नेली, दोन हात खोल. मंग खड्डा भराले घाटावरचं चाळून उरलेलं आनलं.”

म्हणजे असं. लेआउट पाडणाऱ्याने आधी बांध्यांची वरची माती वीटभट्टीला विकली. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणतात. ही पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून, शेण घालून, पाणी बांधून केलेली, ती ट्रॅक्टरमागे मोजून गेली. मग रेतीघाटावर चाळणीतून जे बांधकामाला चालत नाही ते, गोटे आणि पांढुरकी बारीक रेती, जवळजवळ फुकट आणून खड्ड्यात ओतलं, वर बुलडोझर फिरवला आणि त्याला नाव दिलं भरण. एकाच जमिनीचे दोनदा पैसे. तिसऱ्यांदा प्लॉटचे.

घरमालक त्या लेआउटवाल्या गृहस्थाच्या ऑफिसात गेले. एसी चालू होता, चहा आला. “साहेब, भरण म्हणजे भरण. रेती काय, माती काय, लेव्हल आली की नाही?” घरमालकांनी करार उघडला. शब्द खरंच ‘भरण’ होता. ते दुसऱ्यांदा गेले, तेव्हा गृहस्थ बाहेरगावी होते. तिसऱ्यांदा गेले, तेव्हा चहा आला नाही. वकिलाने कागद पाहून चष्मा काढला आणि विचारलं, “लॉनसाठी केस करणार?” लॉनसाठी नाही हो, असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण मग कशासाठी, हे त्यांनाही धड मांडता आलं नाही. खरेदीखतात चतुःसीमा असतात, क्षेत्रफळ असतं, झाड असेल तर झाडाचा उल्लेख येतो. मातीचा रकाना नसतो. प्लॉट बघायला जाताना लोक वास्तुवाल्याला बरोबर नेतात. सब्बल कुणी नेत नाही. न्यावी. दोन फूट खणून पाहावं आणि मगच बयाणा द्यावा.

आणखी एक गोष्ट त्यांना रात्री झोपू देईना. घर बांधून उरलेल्या शंभरेक विटा मागे रचून ठेवल्या होत्या. विटेच्या खाचेत भट्टीची दोन अक्षरं उमटलेली असतात. ती शेतकऱ्याला दाखवली, तर तो म्हणाला, “हेच ना जी!” त्यांच्या प्लॉटची माती त्यांच्याच भिंतीत उभी असावी. सिद्ध करता येणार नाही, पण तेव्हापासून भिंतीला खिळा ठोकताना त्यांचा हात अडखळतो.

विटांसाठी सुपीक माती जाऊ नये म्हणूनच केंद्र सरकारने 1999 साली अधिसूचना काढली होती: औष्णिक वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत बांधकामात राखेचा वापर व्हावा. पुढे हे अंतर 2003 मध्ये 100 आणि 2016 मध्ये 300 किलोमीटर झालं. तिरोड्याला 660 मेगावॉटचे 5 संच आहेत. गोंदिया तिथून तासाभराच्या अंतरावर. राख आहे, अधिसूचना आहे, आणि भट्ट्याही आहेत.

रागाला एक छेद गेला तो त्याच बांधावर. सगळं ऐकून झाल्यावर शेतकऱ्याने सहज विचारलं, “मंग तुमी का लावनार होते जी तिथं?” घरमालक म्हणाले, “गवत.” तो काही बोलला नाही. समोर बाया वाकून परे लावत होत्या.

पुढची दोन वर्षं प्रयोगात गेली, ती थोडक्यात. नर्सरीवाल्याच्या सल्ल्याने दोन ट्रॉल्या शेणखत घातलं. वर्षभर बरं चाललं. पुढच्या उन्हाळ्यात खणून पाहिलं तर खत औषधालाही नाही. हवा खेळणाऱ्या गरम रेतीत सेंद्रिय पदार्थ लवकर कुजून संपतो. त्याला धरून ठेवायला चिकणमाती लागते आणि मे महिन्यातलं गोंदियाचं ऊन तर जमिनीलाही भाजून काढतं. मग राइस मिलमधून धानाचं तूस आणलं, कारण ते मुबलक. धानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूसच असतं. पहिल्या पावसात ते तरंगत जाऊन गेटपाशी जमलं आणि नाली तुंबली. त्यात सिलिका इतकी की ते लवकर कुजतही नाही. उष्णा तांदळाच्या मिलमधली अर्धवट जळालेली काळी राख थोडी मानवली: पालाश मिळाला, ओल थोडी टिकली. फार घातली तर माती विम्लधर्मी होते, म्हणून हात आखडता ठेवला.

खरा उपाय साळ्याने सांगितला, तोही चिडवत. गोरेगाव तालुक्यात त्याची शेती आहे. “रेतीत खत काय घालता? आधी गाळ घाला. गावात लहान पोराला विचारा.”

या भागाला हे ज्ञान नवं नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. नवेगावबांध त्यातला सगळ्यांत नावाजलेला. पूर्व विदर्भात आजही साडेसहा हजारांच्या वर माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की तिथला गाळ बैलगाडीने हलक्या जमिनीत नेऊन टाकायचा, हा रिवाजच होता. तलाव खोल राहायचा, शेत जड व्हायचं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं, पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कुणाचा हा प्रश्न तिथेच बुडाला. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांबरोबर या तलावांवर वर्षानुवर्षं काम करत आले: बेशरमाची झुडपं उपटायची, देशी पाणवनस्पती परत आणायच्या. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 ची. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेताड भागातले शेतकरीही 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून खालची चिकणमाती उकरून वर पसरू लागले. आपल्याकडे ते आजोबांना माहीत होतं.

पण योजनेतला गाळ शेतासाठी असतो. लॉनसाठी तो मागायला घरमालकांना तोंड नव्हतं. साळ्याने आपल्या बांधावर पडलेल्या ढिगातली एक ट्रॉली पाठवली. हिशेब सोपा होता. 600 चौरस फुटांवर 2 इंच थर म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच एक ब्रास. तो वरच्या 6 इंचांत नीट मिसळला तर तिसरा हिस्सा गाळ.

‘नीट’ या शब्दात सगळं आलं. ओला गाळ रेतीत कालवला की पिठल्यात राहतात तशा गुठळ्या राहतात आणि त्या वर्षानुवर्षं तशाच निघतात. घरमालकांनी मे महिन्यात ढेकळं पसरून ठेवली. उन्हाने तडकून त्यांच्या खपल्या झाल्या. मग सकाळी पाच ते आठ लाकडी मोगरीने कुटायचं. काळी, तुकतुकीत ढेकळं. फोडली की आत शंखाचे पांढरे तुकडे, कुजलेल्या कमळाच्या देठाचे धागे आणि तो वास, जो दोन वर्षांपूर्वी सब्बल मारल्यावर आला नव्हता. तेरा दिवस लागले. चौदाव्या दिवशी कंबर धरली.

पहिल्या पावसावर तिथे हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरला. लेआउटमध्ये चर्चा सुरू झाली की साहेबांनी जंगल वाढवलं, साप निघतील. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. 45 दिवसांनी छातीएवढा झाला तेव्हा कापून तिथेच गाडला, तीन आठवडे कुजू दिला आणि पोळा झाल्यावर गवत लावायला घेतलं. या वेळी चादरी नाहीत. साधी हराळी, म्हणजे दूर्वा, काड्या करून टोचायची. नर्सरीतून पोतंभर आणली होती. कामावरच्या मावशींनी पोत्यात हात घातला आणि बाहेर काढून त्या काडीकडे पाहतच राहिल्या.

“भाऊ, हराळी कोनी इकत घेते का जी? आमचा जल्म गेला हे उपटता उपटता.”

गाळाबरोबर नागरमोथ्याच्या गाठी आल्या होत्या. एक उपटला की खालून तीन. पहिल्या वर्षी मावशी हराळी सोडून मोथा उपटायच्या आणि मधूनमधून हसायच्या.

लॉन आता आहे. बोअर आठवड्यातून दोनदा चालतं. रागाचं मात्र काही धड राहिलं नाही. परवाच्या जुलैत तीन दिवस झड लागली, तेव्हा समोरच्यांनी मुद्दाम पैसे मोजून काळी माती भरलेल्या अंगणात पाणी साचून कढीपत्ता कुजला, कुंपणाच्या भिंतीला चीर गेली. घरमालकांच्या अंगणाच्या गाळ न पडलेल्या रेताड कडेला मोगऱ्याने कहर केला होता. पेरूही तिथलाच. समोरच्यांनी विचारलं, तुमच्याकडे निचरा बरा कसा? घरमालक भरणाविषयी बोलले नाहीत.

यंदा लॉन पावलाखाली दगडासारखं लागू लागलं. चालून चालून गाळ दाबला गेला होता, वर पाणी थबकायचं. नर्सरीवाला आला, काटा खुपसून पाहिला आणि म्हणाला, छिद्रं पाडा आणि वर अर्धा इंच रेती पसरा, धुतलेली. हिशेब पाव ब्रास. रेतीवाला म्हणाला, एक ब्रासच्या खाली गाडी निघत नाही, आणि भाव सांगितला. घरमालकांनी तो दोनदा विचारून घेतला. दुपारी ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, “कुठं खाली करू जी?”

उरलेली पाऊण ब्रास अजून गेटपाशी पडून आहे. कुणाला हवी असेल तर न्यावी.