टर्कीची उसनवारी

मेक्सिको देशाच्या दक्षिणेला वाहाका नावाचे राज्य आहे. त्याच्या राजधानीपासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर ट्लाकोलुला हे बाजाराचे गाव. दर रविवारी भोवतालच्या खेड्यांतील झापोतेक शेतकरी मंडळी येथे उतरतात. मका, मिरच्या, घेवडा, मातीची भांडी यांची दाटी असतेच. पण आपल्याकडचा माणूस थबकतो तो पाखरांच्या रांगेपाशी. पाय बांधलेले, काळेभोर, पिसांवर तांब्याची झाक असलेले मोठाले टर्की बायकांच्या पुढ्यात बसलेले असतात. विकणारी बाई आणि बहुधा घेणारीही बाईच. ती पक्षी उचलते, हातात वजन तोलते, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवते, डोळे निरखते आणि मग घासाघीस सुरू होते. घरधनी मागे पिशवी धरून उभा!

या पक्ष्याचे नाव टर्की असले तरी त्याचा तुर्कस्तानाशी काही संबंध नाही. त्याचे माहेर हेच. येथील लोक त्याला ‘ग्वाहोलोते’ म्हणतात. दोन हजार वर्षांहून अधिक काळ तो मेक्सिकोच्या अंगणांत आहे. ट्लाकोलुलापासून जवळच मित्ला हे प्राचीन गाव आहे. तेथील उत्खननात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली टर्कीची न फुटलेली अंडी आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची हाडे निघाली. संशोधकांनी ही माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. घर बांधताना ती पुरली असावीत, नैवेद्यासारखी.

१५१९ मध्ये स्पॅनिश लोक मेक्सिकोत आले आणि हा पक्षी जहाजांतून युरोपात गेला. आपल्याकडे तो गोव्याच्या वाटेने आला. बादशहा जहांगीराचा सरदार मुकर्रबखान याने १६१२ मध्ये गोव्याहून जे नवलाचे प्राणी नेले, त्यांत टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे बदलतात याचे बादशहाला फार कौतुक वाटले. त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. गंमत अशी की, पोर्तुगीज लोक या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात आणि आपण पेरू म्हणतो ते फळ. पक्षी आणि फळ, दोन्ही अमेरिका खंडातलीच.

आता पाळण्याची रीत सांगते, कारण आपल्या भगिनींना तीच हवी असणार. येथील मादी तीन-चार किलोंची, नर पाच ते सात किलोंचा. मादी वर्षभर अंडी देत नाही. हंगामात बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंडे कोंबडीच्या अंड्याहून मोठे, दुधी रंगाचे, त्यावर तपकिरी ठिपके. खायला चांगले, पण येथल्या बायका ते सहसा तव्यावर फोडत नाहीत, त्यातून पक्षी निघायचा असतो. केवळ अंड्यांसाठी टर्की पाळावा म्हणणाऱ्यांनी गावठी कोंबडीच पाळावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

उबवणीला अठ्ठावीस दिवस लागतात, कोंबडीपेक्षा सात जास्त. पुष्कळ घरी खुडूक कोंबडीखालीच टर्कीची आठ-नऊ अंडी ठेवतात. मग मादी लवकर मोकळी होते आणि पुन्हा अंड्यावर येते. खरी कसोटी पुढे. पिल्लू जन्मल्यावर दाणा कसा टिपायचा हेच त्याला उमगत नाही, शिकवावे लागते. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे पीठ ओलसर मळून, त्यात बारीक चिरलेला कोवळा पाला घालून बाई त्यावर बोटाने टकटक करते. ते पाहून पिल्ले चोच मारू लागतात. पहिले दीड-दोन महिने पाऊस आणि गारठा यांपासून जपावे लागते. भिजलेले पिल्लू सहसा वाचत नाही. तुरा-लोळी लाल होऊ लागली की पक्षी काटक झाला समजावे. मग तो परसात, पिकाच्या कापणीनंतर शेतात, टोळ-किडे वेचत हिंडतो आणि रात्री झाडावर चढून बसतो.

कोंबड्यांच्या मात्र संगतीचा धोका आहे. कोंबडीच्या आतड्यातील बारीक जंतांच्या अंड्यांतून एक रोग टर्कीला जडतो. पक्षी मलूल होतो, विष्ठा गंधकासारखी पिवळी पडते, काळीज सडते. कोंबडीला त्याचा फारसा त्रास नसतो. राणीखेत आणि देवी हे तर दोघांनाही. लस टोचून घ्यावी आणि जमल्यास टर्कीची जागा निराळी ठेवावी.

कारखानदारी कुक्कुटपालनातील पांढरा, रुंद छातीचा टर्की नर पाच महिन्यांत पंधरा-अठरा किलोंचा होतो. पण तो इतका जड असतो की मादीशी त्याचे जमत नाही, कृत्रिम रेतनच करावे लागते. त्याच्या पैदाशीसाठी माणूस लागतो. अंगणातल्या ग्वाहोलोतेला कोणी लागत नाही. तो सावकाश, आठ-दहा महिन्यांनी खाण्याजोगा होतो. १९९४ च्या व्यापार करारानंतर अमेरिकेतून टर्कीचे स्वस्त मांस मेक्सिकोत भरपूर येऊ लागले. केवळ किलोचा हिशेब केला तर अंगणातला पक्षी हरतो.

तरी तो टिकला आहे, आणि त्याचे कारण बाजारात नाही, वहीत आहे. ट्लाकोलुलाच्या वाटेवर तेओतित्लान हे विणकरांचे गाव लागते. तेथील रिवाजाचे नाव ‘गेलागेत्सा’. एखाद्या घरी लग्न निघाले की गावकरी टर्की, मका, कोको, घेवडा आणून देतात. पक्षी तोलून वजन वहीत लिहितात. पुढे त्या माणसाकडे कार्य निघाले की तितक्याच वजनाचा पक्षी परत. आपल्या आहेराच्या वहीसारखेच. फक्त येथे मिळेल ते नव्हे, घेतले तेच फेडायचे. लग्नात ग्वाहोलोते हातात घेऊन नाचतात आणि मग मिरच्या, मसाले, थोडे चॉकलेट घातलेल्या ‘मोले’ नावाच्या दाट रश्शात तो शिजतो. आणलेल्या गोठवलेल्या मांसाने ही फेड होत नाही, जिवंत पक्षीच लागतो.

म्हणून मुलगी वयात येण्याआधीच आई टर्की वाढवू लागते. आज एक शेजारणीला, दुसरा नणंदेला. दिलेले सारे लग्नाच्या दिवशी परत येईल, हीच तिची पुंजी. रोग येऊन कळप बसला, तर ती पुंजी जात नाही, कारण ती दुसऱ्यांच्या घरी आहे. पण दुसऱ्याचे देणे असले तर तेही सुटत नाही. बाजारातून रोकडा पक्षी घेऊन भागवावेच लागते. रविवारच्या त्या रांगेत पक्षी इतका निरखून तोलणाऱ्या बायकांतल्या कित्येक जणी अशाच कर्ज फेडायला आलेल्या असतात. आई गेली तर मुले फेडतात. वहीतले नाव तिचेच राहते.