गोळे सरांचा वर्ग

पुण्यात कॉलेजांना तोटा नाही. पण ‘आपलं कॉलेज’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो एक लहानसा वर्ग. त्याला ना दगडी कमान होती, ना गॅदरिंग. प्रकाश गोळे सरांनी 1982 साली इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि पुढे संस्थेतर्फे नैसर्गिक संसाधनांचं व्यवस्थापन आणि निसर्गसंवर्धन शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. आम्ही विद्यार्थी मोजकेच. कुणी आर्किटेक्ट, कुणी बँकेतलं, कुणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडलेली गृहिणी. वर्ग इतका छोटा की प्रत्येकाला प्रश्न विचारता येई आणि प्रत्येकाला उत्तरही द्यावं लागे.

सर पक्ष्यांचे मोठे जाणकार. लडाखमधल्या काळ्या मानेच्या क्रौंचांचा त्यांनी अभ्यास केलेला. मुळा-मुठेकाठचे पक्षीही त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेले. नदी कशी आहे हे पक्ष्यांना विचारायचं, ही त्यांची शिकवण. हिवाळ्यात येरवड्याजवळच्या काठावर दुर्बीण लावली की चक्रवाक आणि थापट्या बदकं दिसत. शेकाट्यांचे थवे मात्र सांडपाण्यातही खुशाल वावरत. कुठला पक्षी वाढला, कुठला दिसेनासा झाला, त्यावरून पाण्यात काय मिसळतंय याचा अंदाज बांधायला आम्ही शिकलो. लकडी पुलावरून रोज जाणाऱ्या आम्हा पुणेकरांना मुठा तेव्हा कुठे पहिल्यांदा नीट दिसली.

वेताळ टेकडी ही आमची प्रयोगशाळा. सुतळीनं जमिनीवर चौकोन आखायचा आणि त्यातलं प्रत्येक झाड, झुडूप, गवत वहीत उतरवायचं. एका चौकोनात नुसती गिरिपुष्पाची दाटी. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलेलं. थोडं पुढे गेलं की सालई, मेडशिंगी, हिवर, आणि पानं झडल्यावर पिवळ्याधमक फुलांनी उजळणारा गणेर. दोन्हीकडे हिरवंच, पण खाली वाकून पाहिलं की फरक कळे. उघड्या माळाचीही तशीच गोष्ट. तिथं झाड नाही म्हणून ती ओसाड जागा नव्हे. कुसळीच्या गवतात चंडोल घरटं करतो, ते गवत हेच त्याचं रान. हे एकदा समजल्यावर दिसेल त्या माळावर रोप लावण्याची घाई आपोआप ओसरली.

सगळ्यात जवळची आठवण पानशेतच्या बाजूची. स्वारगेटहून एस.टी.नं निघायचं, डबे सोडायचे ते थेट दुपारी. चराई, तोड आणि वणवा थांबवला तर उजाड डोंगरउतार स्वतःच्या बळावर कसा सावरतो, ते त्या भागात पाहायला मिळे. आधी गवत, मग झुडपं, मग तोडलेल्या खोडांना फुटलेले धुमारे. मुरूम उघडा पडलेल्या उतारावरून पाऊस धावत सुटतो. पालापाचोळ्याखाली तोच पाऊस मुरतो. खडकवासल्याला येणारं आपलं नळाचं पाणी याच डोंगरांतून उतरतं, हे नकाशावर बोट ठेवून समजणं वेगळं आणि ओल्या मातीत हात घालून समजणं वेगळं.

मग देवराई. गावच्या देवाच्या नावानं राखलेलं रान. डोक्यावर हिरडा-बेहड्याचं छत, झाडांना विळखे घातलेली गारंबीची महावेल. माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले डॉ. व्ही. डी. वर्तक यांनी 1970 च्या दशकात या देवरायांवर शोधनिबंध लिहिले, तेव्हा कुठे विज्ञानाचं लक्ष त्यांच्याकडे वळलं. गावकऱ्यांनी त्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या होत्या. कुऱ्हाड बाहेर ठेवायची, एवढाच नियम. आमच्या अभ्यासक्रमाचा गाभा त्या नियमात होता.

आज सर नाहीत. वर्गातली मंडळी पांगली. कुणी शेताचा एक कोपरा रानासाठी राखला, कुणी सोसायटीतलं पावसाचं पाणी जिरवलं, कुणी शाळकरी मुलांना टेकडीवर नेतं. आता पावसाळा आला की मला विचारतात, यंदा कोणती झाडं लावायची? मी म्हणते, आधी तिथं काय उगवतंय ते वर्षभर पाहा, वणवा लागू देऊ नका, उगवलेलं राखा. लावणं एका दिवसाचं, राखणं जन्माचं. हे मला त्या छोट्या वर्गानं दिलं आणि त्याचं ऋण मी आनंदानं वागवते. टेकड्या फोडून रस्ते काढायचे बेत पुन्हा पुन्हा निघणाऱ्या या शहरात तसे वर्ग पेठापेठांतून भरावेत, हीच माझी मनापासूनची इच्छा.